डॉक्टरांचा कॅन आणि समुद्रातला सुरुंग

गेल्या शनिवारी गावाकडं होतो. म्हैस माजावर आलेली, म्हणून डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी मोटारसायकलवरचा कॅन खाली उतरवून झाकण काढलं तशी पांढरी वाफ बाहेर आली. आजी लांबूनच ओरडली, "हात नको लावूस रं, भाजतंय ते!"

आत द्रवरूप नायट्रोजन. उणे १९६ अंश, म्हणजे ७७ केल्विन. हा आकडा बघून मला कॉलेजचं पुस्तक आठवलं. १९८७ साली यट्रियम, बेरियम आणि तांब्याचं एक ऑक्साइड सापडलं, ते साधारण ९२ केल्विनच्या खाली अतिवाहक होतं. म्हणजे रेतनाच्या कॅनमधला नायट्रोजन त्याला पुरतो!

अशा पदार्थाच्या बारीक कड्यात मुद्दाम दोन कच्चे सांधे ठेवले की 'स्क्विड' तयार होतो. कड्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र जरा जरी बदललं तरी त्याचं व्होल्टेज बदलतं. अमेरिकन नौदलाने फ्लोरिडातल्या पनामा सिटीला हे तंत्र सुरुंग शोधायला वापरून पाहिलं. तिथली सुरुवातीची यंत्रं मात्र द्रवरूप हेलियमवर चालायची.

एवढी खटपट कशाला? तर चिखलात रुतलेला सुरुंग सोनारला सहज दिसत नाही. लोखंडी असेल तर आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतो, पण अंतर दुप्पट झालं की ही खूण आठपट कमी होते.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. लाटेवर यंत्र थोडं जरी कललं तरी पृथ्वीचंच क्षेत्र एवढं बदललेलं दिसतं की सुरुंगाची खूण त्यात बुडून जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली होती. सुरुंग शोधणाऱ्याला असं पळून जाता येत नाही. म्हणून दोन कडी थोड्या अंतरावर ठेवून फरक घ्यायचा. पृथ्वीचं क्षेत्र दोन्हीकडे जवळपास सारखं, ते वजा होतं. जवळच्या लोखंडाचं उरतं. आम्ही कोडवाले रोज 'डिफ' काढतो, तेच!

पण नुसता सेन्सर असून भागत नाही, तो घेऊन जाणारी नौका लागते. आपल्या नौदलाची शेवटची सुरुंगशोधक नौका 'कोझिकोड' २०१९ साली निवृत्त झाली. नव्या नौकांच्या खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. आणि बंदराच्या तोंडाशी सुरुंग असल्याच्या नुसत्या संशयानेसुद्धा जहाजं थांबतात.

असो. डॉक्टर जाताना म्हणाले, "गाभ राहिला का ते तीन महिन्यांनी तपासू. वरून बघून कळत नाही."