हरवलेली सुई

शिवणकाम आटोपून उठताना माझी आई एक काम न चुकता करी. ती सुया मोजी. सहा काढल्या असतील तर सहाच्या सहा डबीत परत गेल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी आम्हां भावंडांना पाय खाटेवर घ्यावयास सांगून, हाती लोहचुंबक घेऊन ती साऱ्या जमिनीवरून फिरे. तोवर जेवणही थांबलेले असे. चार आण्यांच्या सुईसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटे. ती म्हणे, “बाळ, हरवलेली सुई सापडतेच, पण कोणाच्या पायाला सापडेल, ते आपल्या हाती नसते.”

पुढे सेमिनरीत बटण लावणे, उसवलेला काठ शिवणे ही कामे मी स्वतः करू लागलो. आईने दिलेले पितळी अंगुस्तान जवळ होते. जाड कापडातून सुई रेटताना तिचा नेढ्याकडचा भाग बोटात रुततो, म्हणून मधल्या बोटात अंगुस्तान घालावे, हेही तिनेच शिकविले होते. ते मी विसरलो नाही. मोजणे तेवढे विसरलो.

2019 सालच्या आगमनकाळातील एका रविवारी मिस्सेला दहा मिनिटे उरली असताना जांभळ्या मिस्सावस्त्राचा काठ उसवलेला दिसला. घाईने चार टाके घातले. तेवढ्यात कोणी हाक मारली, आणि ‘क्षणभर’ म्हणून सुई शेजारच्या मेजावरील कापडात टोचून मी निघालो. मिस्सेनंतर अकरा वर्षांचा एक वेदीसेवक ते कापड आवरू लागला. सुई त्याच्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी शिरली आणि मोडली.

मी चिमटा घेऊन तो तुकडा उपसू पाहत होतो, इतक्यात आमच्या शिवणवर्गाच्या बाई धावत आल्या. “फादर, कोरू नका, दाबू नका, चोळूही नका. तुकडा आणखी आत जाईल. हात हलू देऊ नका आणि दवाखान्यात चला. उरलेला अर्धा भाग बरोबर घ्या.” डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मोडका भाग पाहून आत किती राहिले असावे याचा अंदाज घेतला आणि तुकडा काढला. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हेही विचारले. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही आणि धनुर्वाताच्या जंतूंना तेच मानवते. सुई चकचकीत होती, एवढ्याने निश्चिंत राहता येत नाही.

संध्याकाळी मुलाची आई भेटावयास आली. रागाचे शब्द ऐकण्याची मी मनाची तयारी केली होती. ती शांतपणे म्हणाली, “चूक कोणाच्याही हातून होते, फादर. पण यापुढे तो इथे काम करील, तेव्हा माझी नजर त्याच्या हातांवर राहील.” रागापेक्षा ते वाक्य मला अधिक लागले.

मग मी शिवणवर्गात जाऊन बसलो. बाई मुलींना सांगत होत्या: टाचण्या ओठांत धरू नयेत, एक ठसका लागला तरी टाचणी घशात किंवा श्वासनलिकेत जाते. कात्री देताना पाती मिटून आपल्या मुठीत धरावी व तिची कडी दुसऱ्यापुढे करावी. यंत्राच्या सुईत दोरा ओवताना पाय पायट्यावरून काढावा, मोटर असल्यास तीही बंद करावी. टाचण्यांवरून टीप मारू नये, कारण सुई मोडून तुकडा डोळ्याकडे उडतो. मोडक्या सुया केरात सुट्या टाकू नयेत, त्या झाकणाच्या डबीत जमवाव्यात. केर उचलणाऱ्याचाही हात हातच असतो.

त्या अखेरच्या वाक्याशी मी थबकलो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा आहे. तिच्या मृत्यूनंतर विधवा रडत रडत तिने शिवलेली वस्त्रे पेत्राला दाखवितात. त्या प्रसंगावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. परंतु त्या वस्त्रांत एखादी सुई राहून गेली असती तर, हा विचार मला कधी शिवला नव्हता. आपले काम आपल्यापुरते संपते, तेव्हा ते दुसऱ्याच्या हाती जात असते. मिस्सेच्या आरंभी पापकबुली देताना कर्तव्यातील कसुरीचाही उच्चार आपण करतो. त्या कसुरीला माझ्यापुरता आता एक आकार आहे. तो दोन इंचांहूनही लहान आहे.

वेदीवस्त्रांच्या खोलीत आता सुयांची एक डबी असते. झाकणावर आकडा लिहिलेला आहे: पाच. गेल्या नाताळापूर्वी त्या मुलाची धाकटी बहीण प्रथमच वस्त्रे आवरण्यास आली. तिची आई दारात उभी होती. मी डबी उघडली आणि मोठ्याने मोजले. पाच भरल्या. मग ती माउली मंदिरात जाऊन बसली.