गॅप मोठी, म्हणून काय झालं?

महाडला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो: ‘तुझ्या त्या संशोधनाचा उपयोग काय?’ २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर मामांनी सरळच विचारलं, ‘डोंगर सरकायच्या आधी सांगेल असं काही बनतंय का रे तुमच्याकडे?’ नाही म्हणावं लागलं. त्यासाठी पाऊस मोजणारी, जमिनीची हालचाल टिपणारी यंत्रं लागतात आणि ती आजही बनतात. मी शोधतो ते मोजक्या अणूंच्या जाडीचे टोपोलॉजिकल इन्सुलेटर. पण तेव्हापासून एखाद्या पदार्थाला ‘उपयोगी’ म्हणण्याआधी दहादा विचार करतो.

हा पदार्थ मधून वीज वाहू देत नाही, कडेने देतो. वरंध घाटात समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे सरावं लागतं. इथे कडेवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या इलेक्ट्रॉनचे स्पिन उलट असतात, वाटा वेगळ्या. चुंबकीय अशुद्धी नसेल, तर साध्या दोषावर आपटूनही इलेक्ट्रॉन मागे वळत नाही. कमी ऊर्जेत चालणाऱ्या उपकरणांची आशा त्यामुळेच.

केन आणि मेले यांनी २००५ मध्ये ही कल्पना ग्राफीनवर मांडली, पण कार्बन हलका, त्यामुळे स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं त्याच्या गतीशी असलेलं नातं) क्षीण आणि गॅप, म्हणजे मधल्या भागात वीज अडवणारी ऊर्जेची दरी, नगण्य. २००७ मध्ये जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्गला मोलेनकाम्प यांच्या गटाने मर्क्युरी टेल्युराइडच्या थरात तो परिणाम मोजला, तोही निरपेक्ष शून्याच्या आसपास. २०१८ मध्ये टंगस्टन डायटेल्युराइडच्या एकेरी थराने १०० केल्विनपर्यंत मजल मारली. म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअस! कड जेमतेम १०० नॅनोमीटर लांब, आणि थर हवेत खराब होतो म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्येच बोरॉन नायट्राइडखाली झाकायचा. सिलिकॉन कार्बाइडवरच्या बिस्मथीनची (बिस्मथच्या एकेरी थराची) गॅप सुमारे ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, खोलीच्या तापमानाची ऊर्जा ०.०२५. कागदावर प्रश्न सुटला. पण तो थर वाढवायला अतिनिर्वात कक्ष लागतो.

माझं काम संगणकावरचं. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आल्यापासून मोठी गणितं इथेच होऊ शकतात. आधी स्पिन-ऑर्बिट बंद ठेवून बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे पट्टे) काढायचे, मग चालू करून. बँड उलटले, चार बिंदूंवरच्या पॅरिटीचा गुणाकार उणे एक आला, म्हणजे पदार्थ टोपोलॉजिकल ठरला, की विद्यार्थी पेपर लिहायला बसतो. ‘थांब जरा, हायब्रिडने परत काढ,’ मी म्हणतो. गणिताचं नेहमीचं सूत्र, पीबीई फंक्शनल, गॅप कमी दाखवतं, त्यामुळे सरळ असलेले बँडही उलटे भासतात. हायब्रिड या अधिक अचूक सूत्राने गणित केलं की काही उमेदवार साधे इन्सुलेटर निघतात. मग फोनॉन (अणूंची कंपनं) काढायचे. तिथे काल्पनिक फ्रीक्वेन्सी दिसली की ती रचनाच टिकत नाही. ही गळती निराशेची नाही, कामाचाच भाग आहे.

म्हणून मला जॅकुटिंगाइटसारख्या उमेदवारांचं मोल वाटतं. ब्राझीलमध्ये सापडलेलं हे खनिज निसर्गातच तयार झालेलं आहे, आणि त्याच्या एकेरी थराची गॅप सुमारे अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट असावी, असं २०१८ मध्ये गणिताने सांगितलं.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं: गॅपच्या आकड्यावरून यादी लावू नका. थर सोलून निघतो का, हवेत टिकतो का, लांब कडेवरही प्रवाह अबाधित राहतो का, हे रकाने आधी भरा. खोलीच्या तापमानाला, कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत या तिन्ही कसोट्यांना उतरणारा पदार्थ अजून कुणाच्याच हाती नाही.