वाचवलेली रजा

नोव्हेंबर संपत आला की आमच्या ऑफिसात एक मेल येतो. विषय : पुढच्या वर्षाची हॉलिडे लिस्ट. अप्रेझलचा मेल आम्ही चहा-बिहा घेऊन, मन घट्ट करून उघडतो. हा मात्र आल्या आल्या! मग दुपारपर्यंत सगळ्या फ्लोअरवर एकच उद्योग. गुरुवारी सुट्टी आलीय? शुक्रवार टाका. मंगळवारी आलीय? सोमवार टाका. घरच्या भिंतीवर आईचं कालनिर्णय, ऑफिसच्या स्क्रीनवर माझी एक्सेल शीट. कमीत कमी रजेत जास्तीत जास्त सुट्टी काढणं ही एक कला असेल, तर मी त्यातली विशारद आहे. म्हणजे, होते.

२०२३ ची लिस्ट आली तेव्हा तर मी खुर्चीतून उडालेच. २६ जानेवारी गुरुवारी! शनिवार २१ पासून रविवार २९ पर्यंत मोजलं तर नऊ दिवस, आणि रजा किती? चार. फक्त चार! एवढा स्वस्त सौदा हातचा सोडायचा नाही, हे तर ठरलंच. प्रश्न एवढाच, की जायचं कुठे. गोवा नको, मनाली नको. काहीतरी मोठ्ठं हवं होतं. सोमवारी ऑफिसात सांगितलं की समोरच्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहील, असं.

कॉलेजची एक मैत्रीण अशा वेड्या प्लॅन्सना कायम तयार असते. तीच म्हणाली, ‘किलिमांजारो!’

आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर, ५,८९५ मीटर. पण त्यावर दोर लावून लटकावं लागत नाही, चालत जाता येतं. म्हणजे आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्या आमच्यासारख्यांनाही निदान स्वप्न बघायला हरकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे कोरडं हवामान. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे, त्यामुळे जेट लॅगचा त्रास नाही. मुंबईहून अदिस अबाबामार्गे विमान. तेवढी यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, की झालं!

वर जायला बरेच रस्ते आहेत. मारांगू हा झोपड्यांमध्ये राहायची सोय असलेला, त्याला ‘कोका-कोला रूट’ म्हणतात. आम्ही निवडलेला माचामे तंबूवाला, म्हणून तो ‘व्हिस्की रूट’! माचामे सहा दिवसांत करता येतो आणि सात दिवसांतही. फरक एका रात्रीचा. सात दिवसवाले करांगा नावाच्या कॅम्पवर जास्तीचा मुक्काम करतात, सहा दिवसवाले तिथे जेवून पुढे सटकतात.

आता माझी एक्सेल शीट बघा. सहा दिवस घेतले तर रविवारी २२ ला चढायला सुरुवात, २६ जानेवारीच्या सकाळी शिखरावर आणि २९ ला परत घरी. सात घेतले तर मुंबईत पोचायलाच सोमवार. म्हणजे पाचवी रजा! शिवाय प्रजासत्ताक दिनाला आफ्रिकेच्या माथ्यावर तिरंगा... असा फोटो कोण सोडेल? ट्रेक कंपनीने मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, ‘आम्ही सात दिवस सुचवतो.’ मी उत्तर धाडलं, ‘वी आर व्हेरी फिट.’

आणि फिट मी होतेच हो. दर शनिवारी पहाटे सिंहगड. वर पोचून दही खायचं आणि टाइम नोंदवायचा. दोन महिन्यांत चांगली सात मिनिटं कमी केली होती. पण सिंहगड जेमतेम तेराशे मीटर. तिथे पाय तयार होतात. रक्ताला काहीच कळत नाही.

विरळ हवेची सवय व्हायला शरीर स्वतःचा वेळ घेतं. आधी श्वास वाढतो, मग मूत्रपिंडं रक्ताचा तोल पुन्हा जमवतात, आणि हे काम दिवसांचं असतं, तासांचं नाही. जिममध्ये किती घाम गाळला याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून डॉक्टर सांगतात, तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. आमच्या प्लॅनमध्ये चौथ्या दिवशी बारांकोच्या सुमारे ३,९०० मीटरवरून थेट बाराफूच्या ४,६७० मीटरवर जायचं होतं आणि त्याच रात्री बाराच्या सुमारास शिखराकडे निघायचं होतं. मधली जी विश्रांती होती, ती मी एका रजेच्या भावात विकली होती.

पहिले तीन दिवस मजेत गेले. गाइडचा मंत्र एकच, ‘पोले पोले.’ स्वाहिलीत हळूहळू. बाराफू म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, बर्फ. मी उडालेच, अरे, हा तर आपलाच शब्द! चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र माझं डोकं ठणकायला लागलं. सूप समोर आलं आणि नकोसं झालं. मैत्रिणीने विचारलं, ‘ठीक आहेस ना?’ मी म्हटलं, ‘एकदम.’ चार रजा, विमानाचं तिकीट, ऑफिसात आधीच मारलेल्या बढाया... एवढं सगळं असताना दुसरं काय सांगणार?

रात्री बाराला निघालो. चंद्र केव्हाच मावळला होता. मिट्ट काळोख, हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्याचे बूट तेवढे दिसत होते. साधारण ५,३०० मीटरवर मी दुसऱ्यांदा उलटी केली आणि उभी राहिले तर पाय भलतीकडेच पडायला लागले. गाइडने बॅटरीच्या झोतात जमिनीवर एक सरळ रेष दाखवली. टाचेला अंगठा लावून चालून दाखव, म्हणाला. लहानपणी फरशीच्या रेघेवरून चालतो ना, तसं. मला चार पावलं जमली नाहीत.

तो अजिबात चिडला नाही. फक्त म्हणाला, ‘डाउन. नाउ.’

मी रडले, भांडले, पाया पडायची बाकी राहिले. मग सॅकमधला लक्ष्मी रोडवर घेतलेला तिरंगा काढून मैत्रिणीच्या हातात दिला. ती पोचली. तिचंही वेळापत्रक तेच, सहा दिवसांचंच. उंची कुणाला लागेल आणि कुणाला नाही, याचा नेम नसतो. २६ जानेवारीच्या सकाळचा तिचा फोटो क्लासच आलाय. फक्त त्यात मी नाही.

बाराफूला परतेपर्यंत डोकं बरंचसं उतरलं होतं. हाच तर उंचीच्या आजाराचा खरा इलाज, खाली येणं. दुपारी शेजारच्या तंबूत साठीच्या आसपासचं एक जर्मन जोडपं आलं. करांगाला रात्री मस्त झोप काढून, टवटवीत चेहऱ्याने. आजोबा चक्क दुसऱ्यांदा सूप मागत होते! मी विचारलं, ‘किती दिवसांचा प्लॅन?’ आजी म्हणाल्या, ‘सात.’ मी हसले, तंबूची चेन लावली आणि पुन्हा रडले.

सोमवारी साडेनऊला मी डेस्कवर. अगदी वेळेत! बॉसने मान वर करून बघितलं. ‘अगं, आज कशी काय? क्लायंट कॉल बुधवारवर गेलाय. उद्या आली असतीस तरी चाललं असतं.’

खरी गंमत पुढे आहे. मार्चअखेरीस एचआरचा मेल आला. माझ्या तीन रजा लॅप्स झाल्या होत्या. मी ज्या एका रजेसाठी शिखर सोडून आले, ती रजा कुणालाच मिळाली नाही. मला नाही, कंपनीच्याही काही कामी आली नाही. नुसतीच वाया!

त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की हिशेब माझा पक्का होता, सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. आपण रजा मोजतो आणि उरलेल्या दिवसांत जग कोंबायला बघतो. आधी विचारायला हवं, की त्या जागेला किती दिवस लागतात? मग तेवढे दिवस कुठून आणायचे ते बघायचं. नसतील मिळत, तर दुसरी जागा निवडायची. नऊ दिवसांत करता येण्यासारखं खूप काही आहे. उंच डोंगर मात्र जास्तीचे दिवस मागतो, आणि त्यात घासाघीस चालत नाही.

दुसऱ्या वेळी मी आठ महिने आधीच बॉसकडे गेले. सलग आठ रजा. ‘आठ?’ त्याने असं विचारलं, जणू मी आठ शेअर्स नाही तर कंपनीच मागितली होती. बदल्यात दिवाळीचा ऑन-कॉल मी घेतला, ख्रिसमसचाही. हँडओव्हरची फाइल पंधरा दिवस आधी तयार. घरी आईचा टोमणा बसलाच, ‘गौरी-गणपतीला दीड दिवसात पळतेस, आणि डोंगर चढायला बरी सुट्टी मिळते!’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. सगळीकडे पुरे पडेल एवढी रजा कुणाकडेच नसते. कुठे कमी पडायचं, ते मात्र आपणच ठरवतो.

या वेळी लेमोशो रूट, आठ दिवसांचा. करांगाला रात्रभर मुक्काम. सूप मी दोनदा मागितलं! आणि शिखराच्या रात्री वर बघितलं तर चंद्र एवढा लख्ख, की बराच वेळ हेडलॅम्प लागलाच नाही. गाइडने मध्येच थांबवून विचारलं, ‘ठीक?’ या वेळी मी खरं उत्तर दिलं, ‘डोकं थोडं दुखतंय.’ मग दहा मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा पोले पोले.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. सकाळी मी किलिमांजारोच्या माथ्यावर होते. माझ्याकडे तिरंगा नव्हता, तो अजून मैत्रिणीकडेच आहे. ऑफिसच्या हॉलिडे लिस्टमध्ये त्या तारखेसमोर काहीही नव्हतं. कालनिर्णयमध्ये मात्र पौर्णिमा होती. परत आल्यावर आईनेच दाखवली.