गोठ्याला टाकी

आमच्या सिन्नर-निफाडकडील खेड्यांतून पूर्वी गोठ्याची जमीन मुरमाची असे. पुढे संकरित गाई आल्या आणि त्यांच्यामागून सिमेंटचा कोबा आला. झाडलोट सोपी झाली. परंतु घरातल्याप्रमाणेच गोठ्यातही थापी फिरवून गवंडी कोबा गुळगुळीत करतो. शेणामुताने तो भिजला की चार-पाचशे किलो वजनाच्या गाईचे खूर त्यावर ठरत नाहीत. मागचे पाय फाकून पडलेली गाभण गाय पुष्कळदा पुन्हा उठत नाही, आणि तिच्याबरोबर घराचा दुधाचा पगारही बसतो.

उपाय अवघड नाही. कोबा आळत असतानाच लोखंडी सळई दाबून त्यात सुमारे 1 सेंटिमीटर रुंद व तितक्याच खोल खाचा चौकटीचौकटीने पाडाव्यात. दोन खाचांत 4 ते 8 सेंटिमीटर अंतर असावे. जुना कोबा छिन्नीने टोचून घ्यावा. मात्र तो फार खरखरीतही नको. त्याने खूर झिजतात. आमच्या आया जात्याला टाकी लावून घेत, तोच हा न्याय.

विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही मालक वर काढतोच, असा दाखला प्रभू येशूने दिल्याचे संत लूक सांगतो. पडलेल्याला उचलणे हा धर्म असेल, तर पाय घसरू न देणे हे त्याआधीचे कर्तव्य होय. 15 मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण येतो. पावसाळा तेव्हा तोंडावर असतो. त्यापूर्वीच आपण गोठ्याला टाकी लावून घ्यावी.