भुऱ्या

भुऱ्या घरी आला तो सालदार मामांच्या उपरण्यातून. फैजपूरकडच्या आमच्या मळ्यात बसराई केळीचे घड उतरून झाले होते, खोडं तोडायचं काम चाललं होतं. वाळल्या पानांच्या ढिगात हे एवढंसं पिल्लू ओरडत होतं. मामांनी त्याच्या आईची दिवसभर वाट पाहिली. तिन्हीसांजेला कुत्री घुटमळायला लागली, तेव्हा त्यांनी ते उचललं.

सातपुड्याच्या पायथ्याचं यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, त्याच सुमाराची ही गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा यायला अजून अवकाश होता. ससा, मोर, हरणाचं पाडस असलं काही घरी पाळलं, तर कुणाला वावगं वाटत नसे.

आत्यानं कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून त्याला पाजलं. अंगावर पुसट पट्टे होते, त्यामुळे आम्ही त्याला साधं मांजर समजलो. पण महिने सरले तसे पट्टे विरले आणि रंग वाळल्या गवतासारखा भुरा झाला. पाय उंच, शेपूट मात्र आखूड, तिच्या टोकाकडे काळी कडी, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुबके. मामांनी एक दिवस त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "हा बाऊल हाये." बाऊल म्हणजे रानमांजर. ते दाट जंगलापेक्षा बोरू, उंच गवत, ऊस, केळी अशा आडोशात, पाण्याच्या आसपास जास्त रमतं. आमचा मळा म्हणजे त्याचंच घर होतं. त्यात आम्ही केळी लावली होती एवढंच.

आता पेच पडला. बाबा, म्हणजे आमचे आजोबा, माळकरी. घरात अंडंसुद्धा वर्ज्य. या पोराला नुसत्या दूधभाकरीवर कसं जगवायचं? उत्तर भुऱ्यानंच शोधलं. धाब्याच्या घरात मागच्या खोलीत ज्वारीच्या कणग्या होत्या आणि तिथे उंदरांचं राज्य होतं. त्या पावसाळ्यात ते राज्य बुडालं. आजीला किळस आली, पण बाबा शांतपणे म्हणाले, "त्याचा धर्म तो पाळतो, आपला आपण पाळावा." ज्वारी वाचल्यामुळेही त्यांचं मन थोडं उदार झालं असावं.

पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं, की घरोघरच्या मांजराची गोष्टही कणगीपासूनच सुरू झाली. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे तिथली रानमांजरं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. जगभरची पाळीव मांजरं त्याच पश्चिम आशियाई रानमांजराची वंशज आहेत, हे २००७ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. बाऊल त्यांचा चुलत भाऊ. इजिप्तमध्ये मांजरांच्या ममींत बाऊलही सापडले आहेत, म्हणजे माणसाची नजर त्याच्यावरही गेली होती. पण तो उंबरठ्याच्या आत कायमचा आला नाही.

भुऱ्याचं तसंच होतं. तो कुणाच्या मांडीवर बसला नाही. पाहुण्यांनी हात पुढे केला की कान मागे पाडून फिसकारायचा. जवळीक फक्त आत्याशी. सासर सोडून ती कायमची माहेरी आली होती आणि घरात फारशी बोलत नसे; भुऱ्याशी मात्र बोले. ती मळ्याकडे निघाली की हा पाटाच्या कडेकडेनं मागे. ती ज्वारी निवडायला बसली की येऊन तिच्या पायाला डोकं घासून जायचा. तेवढंच, आणि तेही त्याच्या मर्जीनं.

दुसऱ्या हिवाळ्यात तो रात्री बाहेर राहू लागला. मग मामांच्याच कोंबड्या कमी व्हायला लागल्या. गल्लीतली मंडळी म्हणाली, साखळी घाला. नुकसान ज्यांचं झालं होतं त्या मामांनीच नकार दिला. "जंगलाचं जनावर हाये, त्याले बांधू नका," म्हणाले आणि खुराड्याला नवी फळी ठोकली.

उन्हाळ्यापर्यंत भुऱ्या घरचा राहिला नाही. कधी मळ्याच्या बांधावर दिसे. आत्यानं हाक मारली तर थांबे, वळून बघे आणि केळीत शिरे. कुणीतरी तिला म्हणालं, "शेवटी विसरलाच ना?" ती म्हणाली, "विसरला कशाला? त्याले जायले घर होतं, तो गेला." त्यावर कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी गल्लीत उंच पायांची, भुरी, भलतीच दांडगी दोन पिल्लं हिंडू लागली. बाऊल आणि घरमांजर यांची जोडी जमू शकते. अमेरिकेत तर अशा संकरातून 'चाउसी' नावाची जातच तयार केली आहे. आमच्या गल्लीत मात्र दुधाची पातेली झाकून ठेवण्यापलीकडे त्या पिल्लांचं कौतुक झालं नाही.

एखादं पिल्लू माणसाच्या हाताला लागणं वेगळं आणि त्याचा वंश माणसाचा होणं वेगळं. रशियात १९५९ पासून कोल्ह्यांवर एक प्रयोग चालला. दर पिढीतले सगळ्यात मवाळ स्वभावाचे कोल्हे निवडून त्यांचीच वीण वाढवली, तेव्हा कुठे शेपूट हलवत माणसाकडे धावणारे कोल्हे जन्मले. पोळ्याला आपण ज्याच्या शिंगांना रंग लावतो, त्या बैलामागे अशा किती पिढ्या उभ्या आहेत! भुऱ्याच्या मागे एकही नव्हती. तरी तो आत्याच्या हाकेला थांबे, हे मला आजही मोठं वाटतं.

१९७२ च्या कायद्यानं बाऊल पाळायला बंदी आली, ते योग्यच झालं. आता उसात अशी पिल्लं सापडली की जुन्नरकडे वनखातं आणि प्राणिमित्र ती त्याच जागी ठेवतात; रात्री आई येऊन घेऊन जाते. आमच्या घरातल्या कणग्या केव्हाच गेल्या. पण शेतात उंदीर आहेत तोवर बांधावर बाऊलही राहील आणि पिकाची राखण करील. त्यासाठी त्याला घरात आणायची गरज नाही.