मागच्या बाजूची हवा

एसी साफ करायला आलेल्या मुलाने कॉइलवर कसलासा फवारा मारला आणि नाकात झणका गेला. अमोनिया. डोळ्यांत पाणी आलं, ते मी वासावर ढकललं.

उत्तनला आजीबरोबर बर्फ आणायला जायचे तेव्हा कारखान्याच्या दारातच हा वास भेटायचा. आत मिठाच्या पाण्याचं टाकं, शून्याखाली जाऊनही न गोठलेलं. त्यात उभे बुडवलेले गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे. माणूस डबा ओढून काढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा, आडवा करायचा. लादी सुळकन बाहेर. आजी तिच्यावरून हात फिरवायची, घोळ मासा पारखावा तसा.

यंत्र तेच. नळीतला अमोनिया उकळायचा आणि त्यासाठी लागणारी उष्णता मिठाच्या पाण्यातून ओढून घ्यायचा. मग कॉम्प्रेसर त्याला दाबायचा, आणि ती उष्णता बाहेर सोडून तो पुन्हा पातळ व्हायचा. माझ्या भिंतीवर वायू वेगळा, खेळ तोच. दीड टनातला टनही बर्फाचाच: ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला लागेल तेवढी उष्णता.

अशी यंत्रं येण्याआधी मुंबईत बर्फ यायचा तो बोस्टनकडच्या तळ्यांतून, जहाजाने, १८३०च्या दशकात. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, तर पाहुण्यांना सर्दी झाल्याचं 'मुंबई समाचार'ने छापलं. आजीला हे सांगायला हवं होतं.

कारखान्याच्या मागे मात्र ती मला फिरकू द्यायची नाही. तिथे तापलेल्या नळ्यांवर पाणी सोडलेलं असे आणि नुसता उकाडा. आतली उष्णता, वर खाल्लेल्या विजेचीही, कुठेतरी टाकावी लागतेच. आमच्या शेजाऱ्यांनी ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर टाकली आहे. मे महिन्यात त्यांची झोप माझ्या फोडणीवर येते. सोसायटीच्या सभेत विषय काढला. "तुम्हीपण लावा ना," सेक्रेटरी म्हणाले. लावला. माझा डक्टमध्ये फुंकतो. डक्टपलीकडे कोण राहतं ते मला ठाऊक आहे, आणि तो विषय मी सभेत काढत नाही.

२५ डिसेंबर २०१७ला देशातली पहिली एसी लोकल आमच्या पश्चिम रेल्वेवर धावली. तिचा एसी टपावर. आम्हा घामेजलेल्यांची ऊब वसईच्या खाडीवर उधळत जाते. भाईंदर सुटलं की पूल, मध्ये पाणजू बेट. साध्या लोकलच्या दारातून लोक इथे निर्माल्य भिरकावतात, नारळसुद्धा. पुलाकडेने चालणाऱ्या पाणजूकरांना तो लागतो.

परवा एसी लोकलने वसईला निघाले होते. समोरच्या काकूंच्या मांडीवर झेंडू-नारळाची फुगलेली पिशवी. पूल आला तशा त्या लगबगीने दारापाशी गेल्या. दार बंद. काचेला हात लावून पाहिला. नायगाव येईपर्यंत परत जागेवर.

"आता हे टाकू कुठे गं?"

"नारळ घरी खा, फुलं कुंडीत घाला."

"ब्लॉकमध्ये कुठली कुंडी!" म्हणत त्यांनी पिशवी पायाने सीटखाली सारली. माझ्या बाजूला.