तांबट आळीचा धडा

पुण्यात कसबा गणपतीचे दर्शन झाले, की बहुतेक मंडळी आल्या वाटेने परततात. त्यांनी थोडे पुढे जाऊन तांबट आळीत शिरावे. ही आळी दिसण्याआधी ऐकू येते. पेशवाईत कोकणातून येथे आलेल्या कारागिरांच्या वंशजांपैकी काहींचे हातोडे अजूनही तांब्याच्या पत्र्यावर पडतात, आणि हंड्याच्या अंगावर मठारकामाच्या लखलखीत टिकल्या ओळीने उमटत जातात.

भांड्याला सहजी मरू द्यायचे नाही, हा या धंद्याचा धर्म. पोचा आला, ठोकून काढा. भोक पडले, डाग द्या. अगदीच गेले, तर मोडीत घाला. तेथेही त्याला किंमत आहे!

आणि आपल्या घरातला कचऱ्याचा डबा? पॉलिथिलीन कमी दाबाखाली बनवण्याची रीत कार्ल त्सीग्लर यांना १९५३ साली सापडली, आणि तांब्या-पितळेची बरीच कामे प्लॅस्टिकने बळकावली. परंतु त्याला डाग देणारी आळी काही वसली नाही. उन्हात डबा ठिसूळ होतो, काठाला चीर जाते आणि आपण तो फेकतो.

वास्तविक तांबटाचेच शास्त्र येथेही लागू पडते. कल्हईवाला आधी नवसागराने भांडे निर्मळ करतो, कारण मळावर कथील धरत नाही. तसाच डबा साबणाने धुऊन कोरडा करावा. चीर जेथे संपते तेथे बारीक भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. साधा गोंद या गुळगुळीत अंगावर टिकत नाही. येथे जोड सजातीयच हवा! तळाच्या त्रिकोणात २ असेल तर पॉलिथिलीन, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. त्याच आकड्याच्या टाकाऊ झाकणाची पट्टी घ्यावी. पहिले सुमारे १३० अंशांवर वितळते, दुसरे १६०च्या आसपास. डाग देण्याच्या विजेच्या इस्त्रीने चिरेच्या दोन्ही कडा आणि पट्टी एकदमच मऊ करून एकमेकींत कालवावीत. नुसती वर चिकटवलेली पट्टी सुटते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि आकडा ३ असेल तर इस्त्री लावूच नये. पीव्हीसीचा धूर विषारी असतो. ऊन खाऊन पिठूळ झालेला डबा मात्र सांधून टिकत नाही. तो भंगारात द्यावा.

एवढ्याशा डब्यासाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पुण्यात पुष्कळ घरांचा कचरा दारोदार फिरून बायका गोळा करतात. आपल्या डब्याची फुटकी कड आपल्या हाताला क्वचितच लागते; लागते ती त्यांच्या तळव्याला. ओल्या कचऱ्याचे पाणी गळते, तेही त्यांच्याच लुगड्यावर. हंडा आपण आपल्यासाठी दुरुस्त करीत होतो. हा डबा दुसऱ्यासाठी करायचा आहे.